चिनहटचे एक संवत्सर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांना दक्षिणेकडून लागून असलेल्या मेक्सिको देशात चापाला नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. ग्वादलाहारा शहरापासून फार दूर नसलेल्या या सरोवराच्या काठी अमेरिकेतील व कॅनडातील निवृत्त दांपत्ये कित्येक वर्षांपासून येऊन राहत आली आहेत. हवा समशीतोष्ण, राहणी स्वस्त, निवृत्तिवेतनात दोघांचे सुखाने भागते, एवढे त्यांना पुरते. तेथे ती स्पॅनिश भाषेतील चार शब्द शिकतात, मंडईत भाव करू लागतात, आणि वर्ष सरता सरता आपण येथले की तेथले, हा प्रश्न त्यांच्या मनाशी घोळू लागतो.

आपल्याकडील निवृत्त माणूस हवेच्या शोधात सहसा मुलूख सोडीत नाही. तो जातो मुलांच्या पाठोपाठ. मुलगा बंगळूरला असला की बंगळूरला, मुलगी लखनौला असली की लखनौला. देश तोच, नाणे तेच, देवही तेच. म्हणून या स्थलांतराला कोणी परदेशगमन म्हणत नाही. परंतु साठी उलटल्यावर ज्याला भाजीवाल्याशी बोलताना शब्द चाचपावे लागतात, त्याच्या दृष्टीने परदेश आणखी निराळा तो काय असतो?

अशा एका मराठी दांपत्याच्या एका वर्षाचे हे चित्र आहे. उत्तरेत मुलांकडे राहावयास गेलेल्या अनेक घरांतून जे घडते, ते एकाच घरात घडले असे कल्पून ते रेखाटलेले आहे. त्यामुळे या दोघांना नावे नाहीत. त्यांना मास्तर आणि बाई म्हणू. साताऱ्याकडील एका शाळेत मास्तर इतिहास शिकवीत आणि बाई मराठी. निवृत्तीनंतर एकुलत्या एका मुलीने त्यांना लखनौला बोलावून घेतले आणि शहराच्या पूर्वेस, अयोध्येकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चिनहट येथे वर्षाच्या कराराने घर घेतले. दोघे येऊन पुरते स्थिरावलेही नव्हते, तोच मुलीची दिल्लीस बदली झाली. ‘तुम्हीही चला’ असे ती म्हणाली. पण दिल्लीचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे. मास्तर म्हणाले, ‘‘करार वर्षाचा आहे. वर्ष काढू, मग साताऱ्यास परत जाऊ.’’ बाई काही बोलल्या नाहीत. ज्या नातीसाठी एवढ्या लांब आल्या, ती दिल्लीला गेली होती.

चिनहट हे नाव इतिहासाच्या शिक्षकाला अपरिचित असणे शक्यच नव्हते. ३० जून १८५७ रोजी सर हेन्री लॉरेन्स सुमारे सातशे सैनिक घेऊन लखनौहून या बाजूस निघाला. इस्माईलगंज गावापाशी बरकत अहमद याच्या नेतृत्वाखालील क्रांतिकारकांच्या फौजेने त्याचा पराभव केला. उन्हाने आणि तहानेने हैराण झालेली त्याची तुकडी कुकरैल ओढ्यापलीकडे कशीबशी परतली आणि रेसिडेन्सीचा वेढा सुरू झाला. जखमी झालेला लॉरेन्स ४ जुलै रोजी मरण पावला. मास्तरांनी ही लढाई वर्गात तीस वर्षे शिकविली होती. आता त्या रणभूमीवर बहुमजली इमारती, लोखंडी सामानाची दुकाने आणि रिक्षांचा तळ होता. रणक्षेत्र कोठे, असे त्यांनी एका दुकानदाराला विचारले, तेव्हा त्याने ‘‘किस सेक्टर में पड़ता है, बाबूजी?’’ असा उलट प्रश्न केला.

वर्षप्रतिपदा आली. बाईंनी काठी मिळविली, त्यावर रेशमी खण बांधला, कडुनिंबाचा डहाळा लावला. कडुनिंबाला लखनौत तोटा नाही. अडले ते साखरेच्या गाठीपाशी. ती काही केल्या मिळेना. शेवटी त्यांनी वाण्याकडून बत्तासे आणले आणि तेच दोऱ्यात ओवून त्यांची माळ केली. वर तांब्या पालथा घातला आणि गुढी उभी राहिली. त्याच दिवशी तिकडे चैत्री नवरात्राची घटस्थापना असते. समोरच्या घरात कलश मांडला होता, नारळ ठेवून, सुलटा. तेथील सूनबाई कठड्याशी येऊन बराच वेळ गुढीकडे पाहत राहिली आणि मोठ्या अदबीने म्हणाली, ‘‘माताजी, आपके यहाँ कलश उलटा क्यों रखते हैं?’’ बाईंनी आयुष्यभर मुलांच्या शंकांची उत्तरे दिली होती. पण ‘आमच्याकडे असेच असते’ यापलीकडे याचे उत्तर त्यांना सुचले नाही. दुपारी मास्तरांना त्या म्हणाल्या, ‘‘अहो, साठ वर्षे गुढी उभारली, पण तांब्या पालथा का, हे कधी कोणी विचारलेच नाही.’’ परक्या गावाने विचारलेला तो पहिला प्रश्न.

पुढील प्रश्न पंचांगाचा निघाला. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. शुक्लपक्ष दोन्हीकडे एकाच नावाचा. परंतु आपला वैशाख वद्य पक्ष म्हणजे त्यांचा ज्येष्ठ कृष्ण पक्ष. त्यामुळे आपण ज्याला वैशाखी अमावास्या म्हणतो, ती तेथे ज्येष्ठी अमावास्या होते, आणि तेथील सुवासिनी त्याच दिवशी वटसावित्रीचे व्रत करतात. बाईंना हे ठाऊक नव्हते. त्या दिवशी गल्लीतील साऱ्या स्त्रिया वडाला सूत गुंडाळून आल्या. बाईंना चुकल्यासारखे झाले. पंधरा दिवसांनी पौर्णिमेला त्या एकट्याच पूजेचे ताट घेऊन निघाल्या, तेव्हा समोरची सूनबाई तिच्या सासूला घेऊन बरोबर आली. सासू म्हणाली, ‘‘बरगद तो वही है, बहनजी. दो बार पूज लेंगे तो क्या बिगड़ेगा?’’ श्रावणाचेही तेच. तेथील श्रावणी सोमवार आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी सुरू झाले. बाईंनी दोन्ही पंचांगे जुळवून उपवास धरले, तेव्हा मास्तर म्हणाले, ‘‘अगं, या हिशेबाने तुझा श्रावण दीड महिन्याचा झाला.’’

निसर्गानेही दिशा बदललेली होती. साताऱ्याचा पाऊस पश्चिमेकडून, सह्याद्री ओलांडून येतो. पश्चिमेला ढग दाटले की वाळवणे आत घ्यावयाची, हे बाईंच्या हाडीमांसी खिळलेले. येथे पश्चिमेचा वारा म्हणजे लू. ज्येष्ठात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर जातो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. जूनच्या उत्तरार्धात पूर्वेकडचा वारा, ज्याला तेथे पुरवाई म्हणतात, तो सुरू झाला आणि त्याच्याबरोबर पाऊस आला. आंब्याचा ऋतूही मागे सरकलेला होता. मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडे आंबा संपतो. तेथे दशहरीला रंग चढतो तो त्याच सुमारास, आणि चौसा तर भर पावसाळ्यात येतो. हापूस सोडून कशाला आंबा न म्हणणारे मास्तर प्रथम नाक मुरडीत राहिले. आषाढात मात्र ते बादलीभर पाण्यात दशहरी भिजत घालून मांडी ठोकून बसलेले दिसू लागले. ‘‘हा आंबा नव्हे,’’ ते म्हणत, ‘‘पण जे काही आहे ते उत्तम आहे.’’

भाषेने मात्र या दोघांची खरी परीक्षा घेतली. हिंदी आणि मराठी या सख्ख्या बहिणी. म्हणूनच त्यांच्यात फसगत अधिक. एके संध्याकाळी गल्लीतील मंडळींत बसून मास्तर आपल्या नोकरीच्या आठवणी सांगत होते. ‘‘हमारे ज़माने में हम लड़कों को बहुत शिक्षा देते थे,’’ ते म्हणाले, ‘‘अब तो सरकार ने शिक्षा देना ही बंद कर दिया.’’ मंडळी स्तब्ध झाली. महाराष्ट्रासारख्या पुढारलेल्या राज्यात शिक्षण बंद झाले, ही वार्ता त्यांना नवीन होती. छडीविषयी बोलणे चालले आहे, हा उलगडा व्हावयास बराच वेळ गेला. ‘संसार’ म्हणजे तेथे जग. ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. बाईंनी पुढे या शब्दांची एक वहीच केली. ज्या वयात माणसे मृत्युपत्र लिहितात, त्या वयात त्यांनी शब्दसंग्रह लिहावयास घेतला.

या मुलुखाशी मराठी माणसाचे नाते आजचे नाही. १८१८ साली राज्य गेल्यावर दुसरा बाजीराव कानपूरजवळ बिठूरला, म्हणजे आपल्या ब्रह्मावर्तास, जाऊन राहिला. कंपनी सरकारकडून वर्षाला आठ लाख रुपयांचे निवृत्तिवेतन घेत त्याने १८५१ मध्ये तेथेच देह ठेवला. तेहतीस वर्षे गंगेकाठी राहूनही त्याचा वाडा पुण्याच्याच रीतीने चालत होता. १८५७ मध्ये वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवावयास उत्तरेत गेले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. परतल्यावर त्यांनी ‘माझा प्रवास’ लिहिला. आणि १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौत संगीताचे महाविद्यालय निघाले. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी त्याचे प्राचार्यपद दीर्घ काळ सांभाळले. आज ती संस्था विद्यापीठ आहे आणि भातखंड्यांचे नाव धारण करते. एकाने परमुलुखात आपला गाव उभा केला, दुसरा पाहून परतला, आणि तिसऱ्याने त्या मुलुखाला काहीतरी देऊ केले. लखनौच्या रिक्षावाल्याला भातखंडे कोण हे कदाचित सांगता येणार नाही. पण ‘भातखंडे’ म्हटल्यावर तो नेमका कैसरबागेत नेऊन पोचवितो. मास्तरांना याचा मोठा अभिमान वाटे. बाईंच्या मनात मात्र निराळाच विचार येई: आपल्याजवळ या गावाला देण्यासारखे काय आहे?

गल्लीच्या तोंडाशी एक वृद्ध गृहस्थ बसत. सारे त्यांना चाचा म्हणत. चिनहटची मातीची भांडी एके काळी नावाजलेली होती. १९५७ साली सरकारी प्रयत्नांतून येथे कुंभारकामाचे केंद्र निघाले आणि झिलईची सुबक भांडी, फुलदाण्या, पेले येथून बाहेर जाऊ लागले. पुढे ते केंद्र बंद पडले. रस्त्यावर भांड्यांची दुकाने अजून आहेत. परंतु त्यांतील बराचसा माल खुर्ज्याहून येतो. चाचांची उमेदीची वर्षे त्या केंद्राच्या भट्टीपाशी गेली होती. त्यांचा जन्म चिनहटचा. ते कधी कोठे गेले नाहीत. परंतु ज्या शेतात ते लहानपणी हुंदडले, तेथे इमारती आल्या. ज्या भट्टीवर ते राबले, ती विझली. एकदा ते मास्तरांना म्हणाले, ‘‘मास्टर साहब, आप तो अपना गाँव छोड़कर आए हैं. हम यहीं बैठे रहे और गाँव हमें छोड़कर चला गया.’’

हे वाक्य मास्तरांच्या मनात घर करून राहिले. परके होण्यासाठी मुलूख सोडावा लागतो असे नाही, हे त्यांना इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात आढळले नव्हते.

आश्विनात बाईंना ताप आला. दोन दिवसांत तो डेंग्यू ठरला आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. मुलगी दिल्लीहून येईपर्यंतची पहिली रात्र मास्तरांनी बाकावर बसून काढली. त्यांच्या शेजारी चाचांचा नातू बसला होता. त्याला कोणी सांगितले नव्हते. सकाळी समोरच्या घरातून डबा आला. त्यात मऊ खिचडी होती, मोहरीच्या तेलाऐवजी तुपाची फोडणी दिलेली. बाईंना मोहरीच्या तेलाचा वास सोसत नाही, हे त्या सुनेने केव्हातरी ऐकून ठेवले होते. आठ दिवसांनी बाई घरी आल्या. त्या बऱ्या झाल्या होत्या, पण मनाने खचल्या होत्या. ‘‘अहो, मला साताऱ्यास न्या,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ही माणसे चांगली आहेत, नाही कोण म्हणतो? पण डोळे मिटायचे ते आपल्या माणसांत.’’ मास्तरांनी मान डोलाविली.

त्या वर्षी दिवाळीला फराळ बेताचाच झाला. बाईंनी हट्टाने थोड्या करंज्या केल्या आणि समोरच्या घरी पाठविल्या. तेथील मुले चकित झाली: ‘‘दादी, गुझिया तो होली में बनती है!’’ नोव्हेंबर लागला. हा निवृत्तांचा महिना. या महिन्यात प्रत्येकाला आपण जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते. हयातीच्या दाखल्यासाठी आता यंत्रावर बोट टेकले तरी चालते. परंतु बाईंच्या बोटांचे ठसे यंत्राला काही केल्या उमटेनात. भांडी घासून आणि खडू धरून ते झिजले होते. तेथील तरुण कर्मचारी गोंधळला. तेव्हा रांगेत मागे उभे असलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, ‘‘अरे भाई, हमारे मोहल्ले की हैं. मेरी नातिन को हिसाब पढ़ाती हैं. इनके ज़िंदा होने में क्या शक है?’’ अखेर डोळ्यांच्या खुणेवरून ते काम झाले. वाटेत मास्तर विनोदाने म्हणाले, ‘‘सरकारच्या आधी गल्लीने दाखला दिला.’’ बाई हसल्या नाहीत, पण ते त्यांच्या लक्षात राहिले. श्रावणापासून दोन मुली दुपारी त्यांच्याकडे गणित शिकावयास येऊ लागल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी आजवर हिशेबातच धरली नव्हती.

संक्रांतीस तेथे खिचडी म्हणतात. त्या दिवशी घरोघर उडदाची खिचडी आणि तिळाचे लाडू होतात. बाईंनी तिळगूळ वाटला. पुढे दाट धुके पडले, रजईतून हात बाहेर काढवेना, आणि ते विरताच माघात दोघे पुष्पक एक्स्प्रेसने निघाले. बांधाबांध कायमची नव्हती, परंतु बाईंच्या मनाने ती कायमचीच होती.

साताऱ्याच्या घराचे कुलूप गंजले होते. ते उघडून बाईंनी दिवा लावला आणि अंगणात येऊन उभ्या राहिल्या. शेजारच्या घरालाही कुलूप होते. तेथील मंडळी मुलाकडे पुण्यास गेलेली. पलीकडच्या वाड्याच्या जागी इमारत उठत होती. ज्या मैत्रिणीच्या भरवशावर ‘आपली माणसे’ हा शब्द त्या उच्चारीत, ती मुलाबरोबर पुण्याच्याही पलीकडे गेली होती. पुतण्या भेटून गेला, प्रेमाने बोलला, त्याला कामे होती. तीन आठवडे गेले. दुपारी चार वाजले की बाई दाराकडे पाहत. कोणी गणित शिकावयास येणार नव्हते. एका रात्री त्या म्हणाल्या, ‘‘अहो, तुमच्या त्या चाचांचे वाक्य काय होते?’’ मास्तरांनी ते पुन्हा सांगितले. बराच वेळ दोघेही बोलले नाहीत.

होळीच्या आधी दोघे चिनहटला परतले. समोरच्या घरातून गुझिया आल्या, आणि ‘या आमच्या करंज्या’ असे बाईंनी म्हणण्याआधीच तेथील लहान मुलगा ओरडला, ‘‘दादी, आपकी करंजी!’’ घराचा करार आणखी एका वर्षाने वाढविला गेला. साताऱ्याचे घर विकावयाचे नाही हेही ठरले. दोन्ही घरांचा खर्च निवृत्तिवेतनात कसा भागवावयाचा, याचा हिशेब मास्तर अजून मांडीतच आहेत.

उतारवयात परगावी जावे की न जावे, याचे उत्तर एका दांपत्याच्या अनुभवावरून देता येणार नाही. चापालाकाठचे दांपत्य ते निराळे देईल, साताऱ्याचे निराळे. परंतु एवढे खरे की, गाव आपला होतो तो त्याने आपल्याला सामावून घेतले म्हणून नव्हे, तर त्याला आपली काही गरज पडली म्हणून. जिथे आपली वाट पाहणारे कोणी असते, तिथे माणूस हयात असतो. त्याचा दाखला कोणत्याही कचेरीतून आणावा लागत नाही.

पुन्हा वर्षप्रतिपदा आली. बाई पहाटे उठून काठी शोधीत होत्या, तोच दार वाजले. समोरची सूनबाई उभी होती. तिच्या एका हातात कडुनिंबाचा डहाळा होता आणि दुसऱ्या हातात दोऱ्यात ओवलेली बत्ताशांची माळ. पाठीमागे चाचांचा नातू; त्याच्या हाती मातीचा एक तांब्या, तपकिरी झिलईचा, जुन्या भट्टीतला.

‘‘माताजी,’’ सूनबाई म्हणाली, ‘‘उलटा ही रखना है न?’’